एकच ब्रश

इंदोऱ्याच्या पुढं, रिंग रोडच्या अलीकडं
साहेबांचं पाहुण्यांचं घर आहे.
सहा खोल्या, सहा संडास, एक टाकी
आणि मी.

दीक्षाभूमी पाहायला येतात लोक, कुठून कुठून.
पासपोर्ट साहेब पाहतात.
मला माणूस कुठला ते
सकाळी सातला कळतं.

दोन नंबरात फरशी ठणठणीत कोरडी,
कागदाची गुंडाळी एका रात्रीत अर्धी :
हा थंड गावचा. पाण्याला भितो बाप्पा.
तीन नंबरात भिंतीपर्यंत ओलं,
मग उपडा, आणि बादली काठोकाठ,
पुढच्या माणसासाठी भरून ठेवलेली.
थायलंडच्या दोघी होत्या त्या.
जाताना त्यांनी डावा हात दाखवला, मीही दाखवला,
तिघी दारात उभ्या राहून हसलो.
साहेब विचारत होते, काय झालं म्हणून.
काय सांगणार?

हे संडास बसवले तेव्हाची गोष्ट.
मोमिनपुऱ्याचा इस्माईल प्लंबर अडून बसला :
सीटचं तोंड पश्चिमेला नको, पाठही नको.
साहेबांचा वास्तुवाला म्हणे, ईशान्य नको.
दोघं भर उन्हात होकायंत्र घेऊन
गच्चीवर तासभर भांडले.
शेवटी दोघांनाही चालेल असा
एकच कोपरा उरला.
त्याला खिडकी नाही.
ती वाफ मी खाते.

मे महिन्यात दुपारी टाकीतलं पाणी चहाचं होतं.
एका इटलीवाल्यानं दोन वाजता जेट दाबला
आणि असा ओरडला,
शेजारच्या पानठेल्यावरचे लोक धावत आले.
मग पाटी लागली : अकरा ते सहा
बादलीतलंच पाणी घ्यावे.
आपल्याकडं हे पोट्ट्यालाही ठाऊक असतं जी,
सकाळीच भरून ठेवा, सावलीत.

फिनाईल संत्र्याच्या वासाचं येतं हल्ली.
संत्रं खाणं सुटलं माझं.

दुपारी मी धंतोलीत जाते, बंगल्यावर.
तिथं पाच बाथरूम, माणसं तीन.
माझ्यासाठी मागं, पत्र्याचं, पेरूच्या झाडाखाली.
मी घासलेल्या नळावर मॅडम आधी एक तांब्या ओततात,
मग हात लावतात.
नऊ वर्षं झाली. ब्लीचिंग महाग झालं,
तो तांब्या तेवढाच.
ही कुठल्या देशाची पद्धत,
मी कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात चार नंबरात हिरानो आजोबा आले.
सत्तरी पार, डोकं तुळतुळीत,
संडासाच्या चपला वेगळ्या, घरून आणलेल्या,
आत काढताना टाचा बाहेरच्या बाजूला,
पुढच्याला पाय घालता यावा अशा.
मी सातला गेले तर संडास चकचकीत,
ब्रश खिडकीत उलटा, वाळत.
मला वाटलं साहेबांनी दुसरी बाई ठेवली.
पोटात गोळाच आला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला गेले.
आजोबा गुडघ्यावर, पँट वर खोचलेली,
सीटच्या मागचा भाग घासत होते,
जो मी, खरं सांगते, आठवड्यातून एकदा घासते.
मी म्हटलं, द्या जी, माझं काम आहे.
ते काहीतरी म्हणाले. छातीवर हात ठेवला.
त्यांचंही काम होतं म्हणे,
मठात लहानपणापासून, रोज पहाटे.
मोबाइलनं सांगितलं हे, बाईच्या आवाजात.
माझ्या आईचंही लहानपणापासून होतं,
पण ते मोबाइलला कसं सांगावं,
दोन्ही कामं एकच की वेगळी,
मला उमगलं नाही.

तिसऱ्या दिवशी सहाला.
ते आधीच.
चौथ्या दिवशी पावणेसहाला पोहोचले, अंधार होता,
जिन्यावरच गाठ पडली.
ते वाकले, मी वाकले,
ब्रश एकच.
मी एका टोकाला धरला, त्यांनी सोडला नाही.

आणि नळ उघडला तर फुस्स.
टाकी रिकामी. नळाचा दिवस उद्याचा.
टँकरला फोन लावला, येतो म्हणाला, नऊपर्यंत.

मग बसलो दोघंही चार नंबरच्या पायरीवर,
मधे कोरडा ब्रश,
दोघांच्या चपला टाचा बाहेर करून.